सारखा, पण कशात?

समता हा शब्द आपण भिंतीवर लिहितो, बॅनरवर लिहितो, लग्नपत्रिकेवरही लिहितो. पण अभ्यासवर्गात एखादं पोर उठतं आणि विचारतं, "समता म्हणजे सगळे सारखे ना? मग सवलत कशाला?" अशा वेळी आपले भलेभले बोलके कार्यकर्ते एकतर गप्प होतात, नाहीतर घोषणा देतात. घोषणेने त्या पोराचं समाधान होत नाही. व्हायलाही नको. त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायचं तर आवाज चढवून भागत नाही, हिशेब मांडावा लागतो.

मी रात्रशाळेत गणित शिकवतो. गणितात एक कल्पना आहे, तिला सममूल्य संबंध म्हणतात. कॉलेजातली मुलं ती परीक्षेपुरती घोकतात आणि निकाल लागला की विसरतात. मला वाटतं ती आपल्या कामाची आहे. ज्यांचं आयुष्य 'बरोबरीचा' या एका शब्दावर अडलेलं आहे, त्यांच्याच जास्त कामाची आहे.

सममूल्य हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय. प्राथमिक शाळेत सममूल्य अपूर्णांक होते. एका भाकरीचे दोन तुकडे करून एक घेतला काय आणि चार तुकडे करून दोन घेतले काय, पोटात तेवढंच जातं. १/२, २/४, ५०/१०० हे दिसायला वेगळे, लिहायला वेगळे. पण 'भाकरी किती' या एका बाबतीत सारखे. 'तुकडे किती' या बाबतीत मात्र अजिबात सारखे नाहीत. दुसरं उदाहरण घ्या. महिन्याच्या ३, १०, १७, २४ आणि ३१ तारखा. सातने भागलं की प्रत्येकीची बाकी ३ उरते, म्हणून पाचही तारखांना वार एकच येतो. बाजार मंगळवारचा असेल तर बाजाराच्या दृष्टीने त्या पाचही सारख्या. गाऊस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८०१ साली आपल्या ग्रंथात या बाकीच्या हिशेबाचं आख्खं शास्त्र उभं केलं. पण ३ तारखेला खिशात पगार असतो आणि ३१ तारखेला नसतो. बाजारवाल्याला त्या तारखा सारख्या, बाजार करणारीला नाहीत.

तेव्हा नुसतं 'सारखा' असं काही नसतंच. कशात सारखा, ते सांगावं लागतं. ते सांगितलं नाही तर बोलणारा एकतर गोंधळलेला असतो, नाहीतर लबाड असतो.

त्या पोराचं उत्तर इथेच निम्मं मिळतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपण समान असू, प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताचं मूल्य एक. पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. गणिताच्या भाषेत सांगायचं तर माणसं तीच, पण त्यांच्यावर संबंध दोन. 'मताला सारखे' या संबंधाने सगळा देश एका खणात बसतो. 'जमिनीला सारखे', 'शाळेला सारखे' हा संबंध लावला की त्याच देशाचे शेकडो खण पडतात. सवलत ही पहिल्या संबंधातली सूट नाही. दुसऱ्या संबंधातले खण बुजवायची ती मजुरी आहे. "सगळे सारखे मग सवलत कशाला" असं म्हणणारा पहिल्या संबंधाकडे बोट दाखवतो आणि दुसऱ्याचा माल खिशात घालतो.

आता जरा खोलात जाऊ. कुठल्याही संबंधाला सममूल्य म्हणायचं तर त्याला तीन कसोट्या पास व्हाव्या लागतात. भूमितीच्या पुस्तकात त्यांना परावर्तनता, सममितता आणि संक्रामकता म्हणतात. नावं जड आहेत, गोष्ट सोपी आहे. पहिली: प्रत्येकाचा स्वतःशी तो संबंध असला पाहिजे. दुसरी: क चा ख शी असेल तर ख चा क शी असला पाहिजे. तिसरी: क चा ख शी आणि ख चा ग शी असेल तर क चा ग शी असला पाहिजे. तिन्हीतली एक जरी नापास झाली तरी त्याला बरोबरी म्हणता येत नाही. दुसरं काहीतरी म्हणा.

मी दुसरीपासून सुरू करतो, कारण आपलं सगळं आयुष्य दुसऱ्या कसोटीवर गेलं.

मराठीत एक साधं क्रियापद आहे, 'चालणे'. त्यांचं आम्हाला चालतं, आमचं त्यांना चालत नाही. या एका वाक्यात सममितता मेली. जोंधळा आमच्या बायांनी काढला, मळला, उफणला, पोत्यात भरला, तो चालतो. त्याच जोंधळ्याची भाकरी त्याच हातांनी थापली की चालत नाही. माझ्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्यासाठी कानतुटका कप बाहेर वळचणीला ठेवलेला असायचा. त्यातला चहा आत ठेवलेल्या कपातल्या चहाइतकाच गोड होता, पैसेही तेवढेच पडायचे. म्हणजे चहाला आणि पैशाला आम्ही सममूल्य, कपाला नाही.

आणि हे फक्त खेड्यात होतं असं नाही. मुंबईच्या गिरणीत लाल बावट्याखाली 'कामगार सगळे एक' ही घोषणा होती. पण साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, आपल्या माणसाला घेत नसत. का? तर कांडीवरचा धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. धाग्याला आपली थुंकी लागेल आणि मग तोच धोटा दुसऱ्याला तोंडाला लावावा लागेल! म्हणून आपली माणसं कताईच्या, त्रासन खात्यात. विणाईत मजुरी जास्त, कताईत कमी. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर हेच, की बरोबरी सांगता ना, मग ती साचेखात्यात लावून दाखवा. घोषणेत संबंध सममूल्य आणि खात्यात एकतर्फी, अशा ठिकाणी घोषणा खोटी धरायची, खातं खरं धरायचं.

पहिल्या कसोटीकडे मुलं लक्षच देत नाहीत. प्रत्येकाचा स्वतःशी संबंध, यात काय आहे? माझ्या वर्गात दर वर्षी एखादा हुशार पोरगा फळ्याजवळ येतो आणि म्हणतो, "सर, ही कसोटी फुकटची आहे. क चा ख शी संबंध. मग सममिततेने ख चा क शी. मग संक्रामकतेने क चा क शी. झालं! दुसरी आणि तिसरी असली की पहिली आपोआप येते." ऐकायला बरोबर वाटतं. पण यात एक गोम आहे. हे गाडं सुरू व्हायला आधी कुणीतरी ख लागतो. ज्याचा कुणाशीच संबंध नाही, त्याला ख नाही. त्याच्यापुरतं गाडं सुरूच होत नाही. दुसरी कसोटी पास, तिसरी पास आणि तो एकटा स्वतःशीही संबंध नसलेला उभा.

उदाहरण शोधायला लांब जायला नको. 'चारांपैकी एकाच वर्णातले असणे' हा संबंध घ्या. क ख च्या वर्णातला तर ख क च्या वर्णातला, पास. क, ख, ग ची साखळी, पास. आता चार वर्णांच्या बाहेर जो आहे त्याला विचारा, तू तुझ्या स्वतःच्या वर्णातला आहेस का? नाही, कारण त्याला वर्णच नाही. पहिली कसोटी इथे पडते आणि ती फक्त आपल्याच डोक्यावर पडते. चार खणांत बसलेल्यांना ती पडल्याचं कळतही नाही. त्यांच्या दृष्टीने सगळी व्यवस्था तंतोतंत. म्हणून त्यांच्यातल्या सज्जन माणसालाही आपला राग कळत नाही. त्याच्या वहीत गणित बरोबर आलेलं असतं.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की तळ्यावर जायचं ते केवळ पाणी पिण्यासाठी नाही, आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करण्यासाठी. मी त्याचा अर्थ असा घेतो: दुसऱ्या कसोटीसाठी त्यांची संमती लागेल, पहिलीसाठी लागत नाही. मी माझ्याइतका आहे हे ओळखायला शेजाऱ्याची सही नको. आत्मसन्मान म्हणजे काय यावर आपल्याकडे बरीच भाषणं होतात, मला ही व्याख्या पुरते.

तिसरी कसोटी थोडक्यात. 'ओळखीचा', 'जवळचा', 'मित्र' हे संबंध तिथे नापास होतात. माझा मित्र, त्याचा मित्र, पण तो माझा नाही. 'आमचे सवर्ण मित्र आहेत' हे वाक्य म्हणून फार लांब जात नाही. मित्र घरी येतो, त्याच्या घरच्यांपर्यंत आपण पोचत नाही. यात मैत्रीचा दोष नाही. मैत्री ही बरोबरी नव्हे, एवढंच.

पण तिसरीच्या पोटात एक स्फोटक गोष्ट आहे. तीन कसोट्या पास झालेला संबंध समूहाचे खण पाडतो. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या खणात आणि कुणीही दोन खणांत नाही. का? समजा एक माणूस दोन खणांत आहे. मग पहिल्या खणातल्या सगळ्यांचा त्याच्याशी संबंध, त्याचा दुसऱ्या खणातल्या सगळ्यांशी, म्हणून पहिल्यातल्या सगळ्यांचा दुसऱ्यातल्या सगळ्यांशी. म्हणजे ते दोन खण नव्हतेच, एकच होता. एक सामाईक माणूस निघाला की मधली भिंत आख्खी जाते. अर्धीमुर्धी भिंत राहत नाही.

आता हे जातीला लावा. दोन कुटुंबांत सोयरीक असेल, थेट किंवा सोयऱ्यांच्या सोयऱ्यांच्या साखळीने, तर ती एका खणात. असे खण पाडले की जे मिळतं तीच जात. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी वाचलेल्या निबंधात हेच सांगितलं होतं. जातीचा गाभा रोटी नाही, धंदा नाही, रंग नाही. जातीतल्या जातीत लग्न, हा आहे. वर्गाने दारं लावून घेतली की त्याची जात होते. आणि दारं बंद ठेवायची तर खणातल्या बायकांवर पहारा ठेवावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्या पहाऱ्याची हत्यारं आहेत, हेही त्यांनी तिथेच मांडलं. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय लग्नाकडे त्यांनी खरा उपाय म्हणून बोट दाखवलं ते याच हिशेबाने.

गणितात एक लग्न पुरतं. एक लग्न झालं की दोन खणांचा एक खण. मग प्रत्यक्षात का होत नाही? कारण जोडलेला दुवा तोडला जातो. पोरीला मेली म्हणून टाकतात, नाहीतर खरंच मारतात. १ जानेवारी २०१३ ला नगर जिल्ह्यात सोनईला आपले तीन तरुण मारले गेले ते अशाच एका दुव्याच्या संशयावरून. लोक म्हणतात, एका प्रेमप्रकरणाने काय होणार होतं, एवढं क्रूर का व्हायचं? मारणाऱ्यांना संक्रामकता आपल्यापेक्षा चांगली कळते. एका दुव्याने किती भिंत पडते ते त्यांना ठाऊक असतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, तीन कसोट्या म्हणजे समता, भांडण मिटलं. नाही. आता कडू भाग. 'एकाच जातीचे असणे' हा संबंध तिन्ही कसोट्यांना शंभर टक्के पास होतो! मी माझ्या जातीचा, तू माझ्या जातीचा तर मी तुझ्या, साखळीही बरोबर. म्हणजे सममूल्य संबंध हा खण पाडण्याचा कारखाना आहे. तो खणाच्या आत बरोबरी देतो, खणाखणांत काय चाललंय त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. आणि खण किती रीतीने पाडता येतात? तीन माणसं असतील तर ५ रीतींनी, चार असतील तर १५, पाच असतील तर ५२. दहा माणसांना १,१५,९७५ रीतींनी. यातली एक रीत उचलायची, ती पुरुषाच्या तोंडा-पायातून निघाली म्हणायची आणि बाकीच्या १,१५,९७४ रीती पाप ठरवायच्या, असा तो धंदा आहे. गणित एवढंच सांगतं की रीत देवाने दिलेली नाही, कुणीतरी निवडलेली आहे. कुणी निवडली आणि कुणाच्या फायद्यासाठी, ते गणित सांगत नाही. ते आपण विचारायचं.

आणि खण पाडून भागलं नाही. ते एकावर एक रचले. उतरंड. गणितात उतरंडीचाही संबंध असतो. गंमत बघा, पहिली आणि तिसरी कसोटी उतरंडीलाही लागू होते. प्रत्येक जण स्वतःच्या पायरीवर. वरच्याच्या वरचा तो माझ्याही वरचा. फरक फक्त मधल्या कसोटीत. बरोबरीत संबंध उलटतो, उतरंडीत उलटत नाही. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले तिचा सांगाडा हाच. वर बघावं तर चढती भाजणी आदराची, खाली बघावं तर उतरती तिरस्काराची.

मग उतरंड मोडून मडकी जमिनीवर ओळीने मांडली, भिंती तशाच ठेवल्या, तर चालेल? असे म्हणणारे आहेत. 'प्रत्येक जात आपल्या जागी मोठी' ही त्यांची गोड भाषा. हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलाय. १८९६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने आगगाडीच्या डब्यांच्या खटल्यात सांगितलं, गोऱ्यांचा डबा वेगळा, काळ्यांचा वेगळा, पण समान, त्यात गैर काही नाही. १९५४ साली त्याच कोर्टाला शाळांच्या खटल्यात सांगावं लागलं की शिक्षणात वेगळं ठेवणं हेच मुळात असमान आहे. मधल्या ५८ वर्षांत किती पोरांच्या पिढ्या गेल्या! भिंत एका बाजूने घातली असेल तर मडकी आडवी मांडूनही उतरंडच राहते.

आणखी एक गोष्ट, ही रोज लागते. एका वर्गातल्या कुणाही एकाला पुढे करून वर्गाबद्दल बोलायची गणितात मुभा आहे. त्या घटकाला प्रतिनिधी म्हणतात. पण अट कडक आहे: प्रतिनिधी बदलला तरी उत्तर बदलता कामा नये. विषम संख्यांचा वर्ग घ्या. दोन विषम संख्यांची बेरीज सम येते, ३ आणि ५ घ्या नाहीतर ७७ आणि १०१ घ्या. हे वर्गाबद्दलचं खरं विधान. आता ३ ला पुढे करा. ३ मूळ संख्या आहे. म्हणून सगळ्या विषम संख्या मूळ? ९ ला विचारा. तो तीन त्रिक नऊ आहे.

"तुमचा एक पोरगा कलेक्टर झाला, आता तुम्हाला कशाला हवं?" हे वाक्य ऑफिसात, रेल्वेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण ऐकतो. हे तीनला दाखवून नऊचा निकाल लावणं आहे. उलटंही तसंच. आपल्यातल्या एकाने दारू पिऊन धिंगाणा केला की 'यांचं असंच'. कलेक्टर आमच्या सगळ्यांचा प्रतिनिधी आणि दारुडाही सगळ्यांचा. त्यांच्यातला दारुडा मात्र फक्त स्वतःचा. प्रतिनिधी बदलला तरी खरं राहील असं आपल्याबद्दल एकच विधान होतं: वेशीबाहेर ठेवले गेले. कलेक्टरचा बापही आणि दारुड्याचा बापही.

आता हीच पट्टी स्वतःकडे फिरवू. नाहीतर हा लेख लिहायचा अधिकार मला नाही.

२००४ साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं होतं की अनुसूचित जातींची यादी हा एकजिनसी वर्ग आहे, त्यात पोटखण पाडता येणार नाहीत. १ ऑगस्ट २०२४ ला सात जणांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय फिरवला आणि राज्यांना उपवर्गीकरणाची मुभा दिली. तेव्हापासून आपल्या बैठकांत दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही आपल्याला फोडायची चाल आहे. दुसरा म्हणतो, आजवर सगळं तुम्हीच खाल्लंत. दोघेही 'आपण एक आहोत की नाही' यावर भांडतात. कशात, ते कुणी बोलत नाही.

माझं मत मी सांगतो. 'गावाने कुठे उभं केलं' हा संबंध लावला तर यादीतल्या सगळ्या जाती एका खणात आहेत. अत्याचाराच्या प्रसंगी तो खण फोडणारा मग कुणी का असेना, गद्दार आहे. 'कुणाच्या घरात पदवी आली, नोकरी आली' हा संबंध लावला तर एक खण राहत नाही. आणि हे मान्य करण्याने पहिला संबंध खोटा होत नाही. तीच माणसं, दोन संबंध, मतासारखं आणि जमिनीसारखं. जो हिशेब आपण सवर्णांपुढे मांडतो तो मातंग, वाल्मिकी पोराने आपल्यापुढे मांडला की 'फूट' कसा होतो? त्याने मोजून मागावं, आपण मोजून बघावं. आकड्याने पटलं तर द्यावं, नाही पटलं तर आकड्यानेच सांगावं. सरकार पोटखण पाडताना नुसत्या जातीच्या नावावर जाईल आणि आकडे बाजूला ठेवेल, ही भीती मलाही आहे. त्यावर उपाय आकडे मागणं हाच आहे, तोंड फिरवणं नाही.

त्याआधी मधली कसोटी मात्र आपण आजच घेऊ शकतो, तिला कोर्ट लागत नाही. आपल्या तालुक्यात १४ एप्रिलच्या मिरवणुकीला मातंग वस्तीतून पोरं येतात. दोन वर्षं मी मोजतोय. हलगीसुद्धा त्यांचीच असते. १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीची मिरवणूक त्या वस्तीतून निघते तेव्हा आपल्या वस्तीतली किती पोरं जातात? त्यांच्या घरी बसून किती जण जेवतात, आणि कितींच्या घरची सोयरीक तिकडे झालीय? वर्गणीची वही कार्यालयात आहे. दोन्ही जयंत्यांची पानं शेजारी शेजारी ठेवा आणि नावं वाचा.